दुसऱ्यांच्या अंगणातला बर्फ आणि आमच्या धुऱ्यावरची थंडी

सकाळचे साडेआठ वाजले की मी चहाचा कप ओट्यावर ठेवतो आणि घरामागच्या पांढऱ्या पेटीकडे जातो. गावातल्या सुतारकाकांनी जुन्या खिडक्यांच्या तिरप्या पट्ट्या काढून ही पेटी मला बनवून दिली. तिच्यातून चारही बाजूंनी वारा खेळतो, पण ऊन आणि पाऊस आत शिरत नाहीत. दार उत्तरेकडे ठेवल्यामुळे ते उघडताना काचेवर सूर्य पडत नाही. आत इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली काचेची नळी आहे. तिच्यातला पारा सरकताना आपल्यापुढची सुईएवढी पोलादी काडी ढकलत नेतो आणि परत फिरताना तिला तिथेच सोडून येतो, त्यामुळे रात्री पारा कुठवर गेला होता हे सकाळी निवांतपणे वाचता येते. डाव्या नळीवरचे आकडे वर जावे तसे कमी होत जातात आणि वाचायचे ते काडीचे खालचे टोक असते. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो, मीही पहिला पूर्ण महिना वरचे टोक वाचत होतो. जेम्स सिक्स या इंग्रजाने अठराव्या शतकात काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते. नोंद झाली की चुंबकाने काडी ओढून पुन्हा पाऱ्याला टेकवायची आणि आकडा दोनशे पानी वहीत लिहायचा. भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांवरही रात्रीचे किमान तापमान साडेआठलाच वाचतात, म्हणून मी ही वेळ सहसा चुकवत नाही.

आमचे गाव वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांची सवय असलेल्या या भागातला माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर अमेरिकेतल्या हिमवादळांचे नकाशे पाहत बसतो, याचे घरी आणि गावात अजून नवल वाटते. आईने एकदा माझ्या खांद्यावरून तो निळा-जांभळा नकाशा पाहिला आणि विचारले, "तिकडचा बरफ पाहून आपला गहू वाढते का रे बाबू?" गहू वाढत नाही हे खरे आहे. मात्र त्या बर्फाचा आणि आपल्या गव्हाचा काहीच संबंध नाही, असे मला आता म्हणवत नाही. तो संबंध नेमका काय आहे आणि लोक समजतात तसा तो का नाही, हेच आज लिहायचे आहे.

सुरुवात २०१४ च्या गारपिटीने झाली. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात थांबून थांबून गारा पडत राहिल्या. आमच्या शिवारात एका दुपारी वीस मिनिटे गारा पडल्या. आधी बोराएवढ्या होत्या, मग आवळ्याएवढ्या झाल्या, आणि टिनाच्या छपरावर असा आवाज सुरू झाला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. पाऊस थांबल्यावर मी एक मोठी गार उचलून घरात आणली आणि विळीवर मधोमध कापली. आत कांद्यासारखे थर होते: एक दुधाळ, एक स्वच्छ, पुन्हा एक दुधाळ. हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही कधी कधी गोठत नाहीत, आणि असे अतिथंड थेंब गारेवर आदळून तिच्यावर थर चढवतात. ते झपाट्याने गोठले तर आत हवा अडकून थर दुधाळ होतो. सावकाश गोठले तर हवा निसटते आणि थर काचेसारखा होतो. हे मी नंतर वाचले. त्या दुपारी मात्र माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता की मार्च महिन्यात, जमिनीवर घाम येत असताना, एवढा बर्फ आला कुठून.

मराठीत आपण गारेलाही बर्फ म्हणतो, बर्फाच्या लादीलाही बर्फ म्हणतो आणि काश्मीरमध्ये पडतो त्यालाही बर्फच म्हणतो. पुस्तकात 'हिम' हा शब्द आहे, पण बोलण्यात तो कोणी वापरत नाही, कारण विदर्भात बोलण्याजोगे हिम पडलेलेच नाही. गार आणि हिम यांची जडणघडण अगदी वेगळी आहे. गार थेंब गोठून वाढते. हिमाचा कण वाफेतून, मध्ये पाणी न होता, थेट स्फटिक म्हणून वाढतो आणि म्हणून त्याला सहा बाजू असतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली हा शेतकरी होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ च्या जानेवारीत हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक कण टिपले. जपानच्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण वाढवला, आणि किती तापमानाला, किती बाष्पात कोणता आकार तयार होतो ते मांडून ठेवले. उणे २ अंशांजवळ चपट्या चकत्या तयार होतात, उणे ५ जवळ सुया आणि बारीक खांब, आणि उणे १५ च्या आसपास नेचाच्या पानासारख्या फांद्या फुटलेले चांदणे. म्हणजे जमिनीवर पडलेला कण पाहून वरच्या ढगात किती थंडी होती हे सांगता येते. बेंटली शेतकरी होता, हे वाचून मला उगीचच धीर आला होता.

गारपिटीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पश्चिमी विक्षोभापाशी पोहोचलो. आपली वर्तमानपत्रे त्याला कधी पश्चिमी चक्रवात म्हणतात, कधी पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही कमी दाबाची वळणे हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेकडे येतात. त्यांना वाहून आणणारा असतो तो झोतवारा: साधारण १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारी वाऱ्याची नदी, जिचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. हिवाळ्यात महिन्याला अशी साधारण ४ ते ७ वळणे येतात. त्यांतली बहुतेक काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात हिमवर्षाव करून निघून जातात. एखादे वळण दक्षिणेकडे खोल उतरले आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट पूर्वेचे वारे विदर्भात शिरले, की वर थंड हवा आणि खाली ओली ऊब अशी गाठ पडते. त्या दिवसांत शून्य अंशाची पातळीही पावसाळ्यापेक्षा बरीच खाली असते. मग गारा वितळायच्या आत जमिनीवर पोहोचतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला हरभरा, गहू आणि मृग बहराची संत्री नेमकी त्यांच्या तावडीत सापडतात.

आमच्या गावचा एक मुलगा सैन्यात आहे आणि उत्तरेकडे कुठेतरी उंचावर त्याची नेमणूक आहे. ठिकाण तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. हिवाळ्यात त्याचे निरोप येतात. "काका, रात्रीपासून पडून राहिला", "काका, कमरेइतका झाला", आणि मग एखाद्या सकाळी एकच शब्द येतो: "उघडलं." या शब्दाची मी वाट पाहत असतो. विक्षोभ पूर्वेकडे सरकला आणि तिकडे आकाश उघडले, म्हणजे त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे वारे मोकळे झाले. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश असे उतरत ते सातपुडा ओलांडून आमच्याकडे यायला साधारण एक ते तीन दिवस घेतात. माझ्या वहीत गेल्या काही हिवाळ्यांत 'उघडलं' या निरोपाशेजारी लाल खूण केलेली आहे, आणि त्या खुणेनंतरच्या दोन-तीन ओळींत पारा घसरलेला बहुतेक वेळा दिसतो. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळी नाही. ढग राहिले तर घसरत नाही.

याच झोतवाऱ्याचा माग काढत मी अमेरिकेतल्या हिमवेड्यांपर्यंत गेलो. हौसेने बर्फ मोजणाऱ्या आणि त्याचे अंदाज बांधणाऱ्यांसाठी हा शब्द मी प्रेमाने वापरतो आहे. या लोकांच्या शिस्तीने मला भारावून टाकले. बर्फ किती पडला हे मोजणे पाऊस मोजण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण तो वाऱ्याने उडतो, आपल्याच वजनाने दबतो आणि खालून वितळतो. म्हणून ते मोकळ्या जागी पांढरी फळी मांडतात, तिच्यावर पट्टी उभी धरून मोजतात, आणि सहा तासांच्या आत फळी साफ करत नाहीत. वारंवार साफ केली तर दबणे वगळले जाऊन बेरीज फुगते. नंतर तो बर्फ वितळवून त्याचे पाणी किती भरते हेही नोंदवतात. साधारण दहा इंच बर्फाचे एक इंच पाणी होते असा ठोकताळा आहे, पण भुसभुशीत बर्फ असेल तर वीस इंचांनाही एक इंच भरत नाही. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला आणि एकाच शहरात पाऊस किती कमी-जास्त पडू शकतो ते दिसले. त्यानंतर १९९८ मध्ये तिथे साध्या पर्जन्यमापकाने नोंद करणाऱ्या सामान्य नागरिकांचे एक जाळे उभे राहिले, आणि आज ते अमेरिकाभर पसरले आहे. शिक्षक, शेतकरी, निवृत्त आजोबा, शाळकरी मुली, सगळे रोज सकाळी अंगणात जाऊन मोजतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराची हकिगत मी गावात पुष्कळांना सांगितली आहे, कारण ती आमच्या लोकांना लगेच कळते. हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या तोंडावर सरोवराचे पाणी अजून ऊबदार असते. त्यावरून कॅनडाकडची कडाक्याची थंड हवा वाहू लागली की ती खालून ऊब आणि वाफ उचलते आणि किनाऱ्यावर पोहोचताच अरुंद पट्ट्यात बर्फ ओतते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत दीड मीटरहून अधिक बर्फ पडला, आणि त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही सेंटिमीटर. माणसे आपल्या अंगणात उन्हात उभी राहून शेजारच्या वस्तीवरची पांढरी भिंत पाहत होती. हे ऐकून काकाजी, म्हणजे आमचे धुऱ्याला धुरा लागून असलेले शेजारी, म्हणाले, "हे तर गारपिटीवानीच झालं." अगदी बरोबर. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या नाल्याच्या अलीकडे एक संत्रे झाडावर राहिले नव्हते आणि पलीकडच्या शिवारात लोक गव्हाला पाणी देत होते. पंचनाम्याला आलेल्या माणसाला ही गोष्ट पटवून देण्यात आमचा अर्धा दिवस गेला होता.

आता ज्या गोष्टीचा मला राग येतो तिच्याकडे येतो. दर जानेवारीत कुठे ना कुठे बातमी छापून येते की ध्रुवीय भोवरा फुटला, आर्क्टिकची थंडी निसटली आणि म्हणून विदर्भ गारठला. शब्द मोठे भारदस्त आहेत, आणि त्यांतला पहिला अर्धा भाग खराही असतो. उत्तर ध्रुवाच्या वर, स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, हिवाळाभर पश्चिमी वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो आणि त्याच्या आत अतिथंड हवा कोंडलेली असते. कधी कधी खालून वर चढणाऱ्या लाटांमुळे तो डळमळतो. काही दिवसांत वरची हवा ४०-५० अंशांनी तापते आणि वारे उलटे वाहू लागतात. बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये ही घटना पहिल्यांदा टिपली. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात असेच झाले आणि फेब्रुवारीच्या मध्यावर आर्क्टिक हवेचा लोंढा थेट टेक्सासपर्यंत उतरला. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर तापमान उणे १९ अंशांच्या जवळ गेले, गॅसच्या विहिरी आणि वीजनिर्मितीची यंत्रे गोठली, लाखो घरे अंधारात राहिली आणि शेकडो माणसे गेली. स्थितांबरातली घडामोड आणि टेक्सासची थंडी यांत नेमका किती हात कोणाचा होता यावर अभ्यासकांत चर्चा चालू असते. पण हवा आर्क्टिककडचीच होती, याबद्दल वाद नाही.

ती टेक्सासपर्यंत उतरू शकली, कारण रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण असा आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मध्ये आडवा डोंगर नाही, सगळे मैदान आहे. दाट, जड, थंड हवा उतारावरून पाणी घरंगळावे तशी खाली येते. आमच्याच अक्षांशावर, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर टाम्पिको शहर आहे, आणि तिथले लोक या गार वाऱ्याला 'नॉर्ते' म्हणतात. आपल्याकडे उलट आहे. सैबेरिया आणि मंगोलियावर हिवाळ्यात थंड हवेचा जो डोंगर साचतो, तिथे हवेचा दाब १०५० हेक्टोपास्कलच्याही वर जातो. पण ही थंड हवा जड असल्यामुळे जमिनीला धरून असते, तिची जाडी थोडी असते, आणि तिबेटचे पठार आणि हिमालय ही पूर्व-पश्चिम भिंत तिला ओलांडता येत नाही. ती भिंतीच्या कडेने पूर्वेकडे, चीनकडे वाहते.

हाँगकाँगचे उदाहरण मला फार आवडते. ते शहर नागपूरपेक्षा जेमतेम एका अंशाने उत्तरेला आहे, समुद्राकाठी आहे, आणि तरीही २४ जानेवारी २०१६ रोजी तिथे तापमान ३.१ अंशांवर आले. १९५७ नंतर एवढे खाली ते गेले नव्हते. ती हवा सैबेरियाची होती, चीनच्या मैदानातून दक्षिणेकडे धावत आलेली. त्या दिवशी तिथले हौशी लोक बर्फ पाहायला ताई मो शान नावाच्या डोंगरावर चढले आणि निसरड्या रस्त्यावर अडकून पडले. सोडवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांचेही पाय घसरत होते. आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले, तेव्हा १९३७ च्या जानेवारीतला ३.९ चा जुना नीचांक मोडला. दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत. पण एक थंडी आयात केलेली होती, आणि दुसरी बरीचशी घरची होती.

घरची म्हणजे काय ते सांगतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. हवेत बाष्प किंवा वर ढग असले की ते ही उष्णता अडवून काही प्रमाणात परत खाली पाठवतात, गोधडीसारखे. उत्तरेचा वारा आपल्याबरोबर काय आणतो, तर थोडी थंडी आणि पुष्कळ कोरडेपणा. गोधडी काढून घेणे हे त्याचे खरे काम आहे. मग संध्याकाळी वारा पडला, आकाश निरभ्र राहिले आणि रात्र तेरा तासांची असली, की उरलेले काम आमचीच काळी जमीन करते. त्याच डिसेंबरच्या १७ तारखेला फेथाई चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले होते आणि पूर्व विदर्भापर्यंत ढग आणि पाऊस झाला होता. तेव्हा दिवसभर अंगात कापरे भरत होते, माणसे दुपारीही शेकोटीजवळ बसली होती, पण ढगांमुळे रात्रीचा पारा फारसा उतरला नव्हता. माणसाला जास्त थंडी वाजली ती त्या दिवशी, आणि तूर जळाली ती दहा-बारा दिवसांनी, स्वच्छ चांदण्यांच्या रात्री.

२९ डिसेंबरच्या सकाळी मी अंधारातच उठलो होतो. घरामागच्या पेटीत ३.८ होते. त्याआधी एक जुना तापमापक मी नाल्याकाठच्या शेतात, तशाच फळ्यांच्या खोक्यात लावून ठेवला होता; सायकलने तिथे गेलो तर त्यात १.४ दिसले. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतार शोधते आणि खोलगट भागात साचते. धुऱ्यावरच्या गवताला हात लावला तर पाती कडक लागली आणि बोटांना पांढरी पूड चिकटली. पेटी जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर असते. गवताचे पाते उघड्या आकाशाखाली असते आणि हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज अधिक थंड होते, म्हणून पेटीतला आकडा शून्याच्या वर असतानाही गवतावर दव गोठते. ती पूड दोन मिनिटांत विरघळली. बेंटलीसारखे मला तिचे चित्र काढता आले नाही, मोबाइलमध्ये नुसता पांढरट डाग आला. दोन दिवसांनी नाल्याकाठची तूर शेंड्यापासून काळवंडली, आणि वरच्या अंगाची, त्याच दिवशी पेरलेली तूर हिरवीच होती.

हवामान विभागाची थंडीच्या लाटेची व्याख्याही इथेच सांगून टाकतो, कारण जरा गार वारा सुटला की लोक लाट आली म्हणतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असले पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले पाहिजे, फरक ६.४ च्या पुढे गेला की तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४ अंश किंवा खाली गेले तरी लाट आणि २ अंश किंवा खाली गेले तर तीव्र. नागपूरची डिसेंबरअखेरची सरासरी १२ अंशांच्या आसपास धरली, तर साडेसातच्या खाली पारा उतरेपर्यंत ती लाट नव्हे, साधी थंडी होय.

मग एवढे दूरचे नकाशे पाहायचे कशाला, असा प्रश्न राहतोच. थंडी घरची असली तरी दार उघडते ते वरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या वळणांमुळे, आणि ती वळणे पृथ्वीभोवती एकाच दोरीवर हलणाऱ्या लाटांसारखी असतात. हिमवेडे संगणकाने हवामान मांडणाऱ्या ज्या मॉडेलवर न्यूयॉर्कचे वादळ पाहतात, त्याच मॉडेलवर मी इराणवरचे वळण पाहतो. अमेरिकेचे जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालते. त्यांतली एक खेप आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर बसवतात आणि तिचे नकाशे रात्री नऊच्या सुमारास यायला लागतात, म्हणजे आमच्याकडे भांडी घासून झाल्यावर. युरोपच्या मॉडेलसाठी मात्र मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. साडेपाचच्या या निरीक्षणांत नागपूरहून आकाशात सोडलेल्या हवामानाच्या फुग्याचीही नोंद असते, हे मला कळले तेव्हा फार बरे वाटले होते.

जीएफएसचा नकाशा १६ दिवसांपुढचा दिसतो आणि इथेच माणूस घसरतो. मीही घसरलो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या सुरुवातीला मला दहाव्या दिवसावर विदर्भात एक गडद लाल डाग दिसला. दुसऱ्या दिवशीच्या नकाशातही तो होता. मी धावत काकाजींकडे गेलो आणि गारपीट येते आहे असे सांगितले. त्यांची मृग बहराची फळे झाडावर होती, अजून रंग भरायचा होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी व्यापाऱ्याला बोलावले आणि पडेल भावात बगीचा देऊन टाकला. तो दिवस उजाडला. थोडे ढग आले, संध्याकाळी गेले. पंधरा दिवसांनी त्याच फळांचा भाव कितीतरी वर गेला. काकाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यामुळेच मी महिनाभर त्यांच्या धुऱ्याने जाणे टाळले.

नंतर समजले की अमेरिकेतल्या हिमवेड्यांत हा रोग जुनाच आहे. दहा दिवसांपुढचे महाप्रचंड हिमवादळ नकाशात पाहायचे, नाचायचे, आणि पुढच्या नकाशात ते समुद्रात निघून गेले की हळहळायचे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि कागदावरच्या दोनेक महिन्यांत त्यांचे हवामान पार वेगळ्या वाटेने गेले. निरीक्षणात तेवढी चूक नेहमीच असते. म्हणून मोठी केंद्रे आता एकच नकाशा न काढता सुरुवातीचे आकडे जरा जरा हलवून अनेक नकाशे काढतात. युरोपच्या केंद्रात असे ५१ आणि जीएफएसच्या संचात ३१. दहाव्या दिवसावर ३१ पैकी चार नकाशांत गारपीट असेल, तर ती बातमी होत नाही. मी त्या वेळी एकच नकाशा पाहिला होता, आणि तोही मला हवा तसा. आता पाच दिवसांपुढचे मी वहीतसुद्धा शिसपेन्सिलीने लिहितो, आणि बोलताना नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा आधी सांगून मगच स्वतःचे मत जोडतो.

काल सकाळी साडेसातला त्या सैनिक मुलाचा निरोप आला: "उघडलं काका, लय कडक ऊन पडलं." मी नकाशे पाहिले; विक्षोभ हिमालयावरून नेपाळकडे सरकला होता, ३१ पैकी बहुतेक नकाशे मध्य भारतावर कोरडी हवा दाखवत होते, आणि उपग्रहाच्या चित्रात सातपुड्याच्या वर ढगाचा एक ठिपकाही नव्हता. आज दुपारपासून वारा उत्तरेचा झाला आहे. चार वाजता वाळत घातलेला कपडा तासाभरात खडखडीत झाला, म्हणजे हवेतली ओल गेली.

संध्याकाळी काकाजी धुऱ्यावर उभे होते. त्यांचा आंबिया बहराचा बगीचा ताणावर आहे, म्हणजे फुलोरा यावा म्हणून त्याचे पाणी तोडले आहे; त्याला आता पाणी देता येत नाही, दिले तर महिनाभराचा ताण मोडतो. पण नाल्याकाठचा हरभरा फुलावर आहे. जमीन ओली असली तर ती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि रात्री सावकाश सोडते, हे त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे; या आठवड्यात पंपाची वीज नेमकी रात्री बाराला येते, एवढीच अडचण आहे. मी त्यांना सांगायला लागलो की नाल्याकाठी ४ ते ६ च्या दरम्यान जाईल, ३ च्या खाली जाण्याची शक्यता कमी दिसते, आणि पहाटे धुवारी आली तर एवढेही उतरणार नाही.

"आकडा राहू दे गा," ते म्हणाले. "आज रातच्याला ओलीत करू का नको, तेवढं सांग."

मी म्हटले, "करा काकाजी. नाल्याकडच्या खालच्या सऱ्यांपासून सुरू करा. मीही येतो, मला तिथला तापमापक पाहायचाच आहे."